दुसऱ्याने वाचायची ओळ

"एकोणीस दिवस!" संशोधक बाई दारातूनच म्हणाल्या. "एकोणीस दिवसांचं काम होतं माझं. सकाळपर्यंत होतं, आता नाही."

मास्तरांनी मान वर केली नाही. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना काळ्या पडद्यावर कमांड लिहायला त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. सकाळी बाईंचा सँडबॉक्स, म्हणजे सर्व्हरवरची त्यांची प्रयोगाची जागा, बिघडला होता. तो कालच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे काल साठवलेल्या स्थितीवर, मागे न्यायचा, एवढंच काम. मास्तरांनी तो गेल्या महिन्यातल्या स्नॅपशॉटवर नेला. मधले सगळे स्नॅपशॉट पुसले जातील, असं मशीनने बजावलंही होतं. मास्तरांनी 'तरीही कर' असं सांगणारी सक्तीची खूण जोडली आणि एंटर मारलं.

सक्तीची ओळ एकाने लिहायची आणि दुसऱ्याने पडद्यावरून मोठ्याने वाचायची, हा नियमही त्यांचाच. सकाळी वाचायची पाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या सहकारिणीची होती. पंधरा वर्षं ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसत आली होती. तिने न बघताच "हो" म्हटलं. मास्तरांची ओळ तपासायची म्हणजे त्यांना पाढे म्हणायला लावण्यासारखं, असं तिला वाटायचं. आता बाईंना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"बॅकअपच्या मशीनवर कालचा स्नॅपशॉट अजून आहे," ती म्हणाली. "पण दुपारी तिथेही ही गेल्या महिन्याची अवस्था जाऊन बसलीय. तिथे पुन्हा सक्तीनेच मागे जावं लागेल, फक्त कालपर्यंत."

"आणि तारीख चुकली तर?"

"मग तोही पुसला जाईल. काहीच उरणार नाही," मास्तर म्हणाले. खोटा धीर देणं त्यांना कधी जमलंच नाही. ते खुर्चीतून उठले. "तू बस. तू लिही, मी वाचतो. या वेळी अगदी नियमाने."

ती बसली. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. तिने कमांड लिहिली, सक्तीची खूण लिहिली, सँडबॉक्सचं नाव लिहिलं. तारीख लिहिण्याआधी यादी एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून तिने हात थांबवला.

कळांचा आवाज थांबला तसे मास्तर पुढे झुकले. चष्मा नाकावर सावरून, पडद्याकडे तोंड करून त्यांनी ओळ वाचली. खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा. कमांड, सक्ती, बाईंच्या सँडबॉक्सचं नाव. मग कालची तारीख, महिना आणि वर्ष.

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला.

तिची नजर मात्र अर्ध्या ओळीवर होती. पडद्यावर तारीख अजून नव्हतीच. मास्तरांना अक्षरं दिसतच नसावीत.

"बरोबर?" मास्तरांनी विचारलं.

"बरोबर आहे, मास्तर," ती म्हणाली. आणि मग एकेक आकडा यादीशी ताडून तिने तारीख लिहिली.