मेलेला नवरा

बाळ झाल्यावर दोन वर्षांनी मिनल पुन्हा हौशी नाटकात उभी राहिली. "तुझ्या भरवशावर स्पर्धेत उतरून राहिलो वं, नाटक पाडू नको," असं दिग्दर्शक राजरत्ननं आधीच बजावलं होतं.

पहिल्याच प्रवेशात मेलेल्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती मस्त रडली. रडता रडता तिचा हात सवयीनं त्याला थोपटायला लागला. नवरा झालेला विलास दिवसभर सीताबर्डीत कपडे विकून आलेला. आता भूत होऊन त्यानं उठायचं, तर हा चक्क घोरायला लागला. परीक्षकांनी पेनं खाली ठेवली.

विंगेतून राजरत्न दातओठ खात म्हणाला, "उठव ना त्याले."

मिनलनं ओठांवर बोट ठेवलं.



"हळू बोल गा. मोठ्या मुश्किलीनं झोपला."