बाण कुणाचा, कुणाकडे

ऑफिसच्या नव्या सॉफ्टवेअरची आकृती डिझायनरबाईंनी फळ्यावर काढली होती. प्रत्येक माणसाची एक चौकट आणि चौकटींमध्ये बाण. बहुतेकांचे बाण शिपाईकाकांकडे जात होते. मॅनेजरसाहेबांची चौकट मात्र बाईंनी भिडेखातर मोकळीच ठेवली होती.

साहेबांचा पारा चढला. "माझ्याकडून एकही बाण नाही? अहो, माझ्या हुकमाशिवाय इथलं पान हलत नाही!" त्यांनी पेन हिसकावलं आणि आपल्या चौकटीतून झाडून सगळ्यांकडे ठसठशीत बाण ओढले.

"आता कसं खरं वाटतंय, सर! खाली सही करता?"

साहेबांनी झोकात सही ठोकली. मग बाईंनी शिरस्त्याप्रमाणे कोपऱ्यात बाणाचा अर्थ लिहिला: 'ज्याच्याकडून बाण निघतो, त्याचं समोरच्यावाचून अडतं.'