एक्केचाळीस नंबरचं फुरसं

सतरा नंबरच्या बादलीत फुरसं होतं.

राखीव जंगलाच्या सखल भागात अशा साठ बादल्या जमिनीत तोंडापर्यंत पुरलेल्या होत्या. रात्रीतून बेडूक, सरडे, साप त्यांत पडायचे. सकाळी त्यांना बाहेर काढून मोजायचं, तोलायचं, नंबराची खूण करायची आणि सोडून द्यायचं. माणसांची शिरगणती दहा वर्षांतून एकदा होते. इथे रोज व्हायची.

ताईने लोखंडी आकड्याने फुरसं उचललं, पारदर्शक नळीत सरकवलं आणि डॉक्टरीणबाईंपुढे धरलं. या डॉक्टरीणबाई सापांच्या. माणसाला ताप आला तर त्यांचा काही उपयोग नव्हता. त्यांनी पोटाच्या खवल्यांवरच्या नंबराच्या खाचा भिंगातून मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"किती?" ताईने विचारलं.

"नीट दिसत नाहीये."

"एक्केचाळीस ना?"

डॉक्टरीणबाईंनी भिंग खिशात टाकलं. म्हणजे एक्केचाळीसच.

चार वर्षांपूर्वी याच फुरशाने ताईच्या धाकट्या भावाचा जीव घेतला होता. तोही इथे बादल्या तपासायलाच होता. त्याचा उजवा बूट अंगठ्यापाशी फाटलेला होता, आणि त्याने ते नोंदवहीच्या 'शेरा' रकान्यात सलग एकोणीस दिवस लिहिलंही होतं. खाली सर्वेक्षणाच्या साहेबांच्या एकोणीस सह्या होत्या. विसाव्या दिवशी फुरसं चावलं. साहेबांनी आधी सापाचं माप घेतलं, खूण केली, त्याला सोडलं आणि मग गाडी बोलावली. "नमुना एकदा निसटला की परत मिळत नाही," असं ते अजूनही व्याख्यानांत सांगत. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं छापून आलं. भावाच्या जागी बहिणीला घेतलं, तेव्हा साहेबांच्या मोठ्या मनाचं बरंच कौतुक झालं.

तेव्हापासून कुठलंही फुरसं सापडलं की ताईचा एकच प्रश्न असे: नंबर किती? ती कशाची वाट बघते आहे हे स्वयंपाक्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"ताई, एक बोलू?" परतीच्या वाटेवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बोला की."

"मुका जीव आहे हो. अंगावर पाय पडला म्हणून चावला."

"माहीत आहे."

"आणि मारलंत तर नोकरी जाईल. वर तुरुंग."

"मी कशाला मारू त्याला?" ताईने फुरशाच्या पिशवीची गाठ पुन्हा तपासली. "चार वर्षं वाट बघितली, ती काय मारायला?"

डॉक्टरीणबाईंना या उत्तराने बरं वाटलं. शिकलेल्या माणसांना लवकर बरं वाटतं.

साहेब पडवीत बसले होते. त्यांचे बूट खुंटीवर उलटे टांगलेले होते. जाड, गुडघ्यापर्यंतचे, बाहेरून सापाचा दात शिरणार नाही अशी लेखी हमी असलेले. एक जोड वापरात, एक जादा. पहाटे सगळ्यांचे बूट काढून, आपटून, झटकून दाराशी मांडणं हेही ताईचंच काम होतं. त्यामुळे साहेब बूट घालताना पेपर वाचू शकत.

"चार वर्षं जगलं? वा!" साहेब म्हणाले. "याच्यावर एक शोधनिबंध सहज होईल." मग त्यांचं लक्ष ताईकडे गेलं आणि त्यांनी चेहरा लांब केला. "ताई, क्षमा ही फार मोठी गोष्ट असते."

"हो साहेब."

"आज तुमचा भाऊ असता तर त्याला आनंद झाला असता."

"हो साहेब. असता तर झाला असता."

नियमाप्रमाणे फुरसं एक दिवस डब्यात ठेवून, विष्ठेचा नमुना घेऊन, दुसऱ्या पहाटे सोडायचं होतं. डॉक्टरीणबाई दिवसभर काही ना काही निमित्त काढून त्या डब्याला हात लावून येत होत्या. ताई मात्र निवांत होती. तिने फुरशाला पाणी ठेवलं, डब्यावर ओला कपडा टाकला, आणि संध्याकाळी नेहमीसारखी नोंदवही घेऊन साहेबांपुढे उभी राहिली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"वाचून घ्या साहेब," ताई म्हणाली.

"अहो, चार वर्षांत तुमची एक तरी चूक निघाली का?"

"तरी आजचं वाचा. एवढं एकदा."

"तुम्ही लिहिलंय ना? मग झालं." साहेबांनी फर्रकन सही ठोकली. "आणि चहाचं बघा जरा."

ताईने चहाचं बघितलं.

पहाटे डॉक्टरीणबाईंना जाग आली ती पडवीतल्या बूट आपटण्याच्या आवाजाने. त्या धावतच बाहेर गेल्या. ताई रिकामा डबा धुऊन उपडा घालत होती. बूट ओळीने मांडून झाले होते.

"सोडलंत?"

"सोडलं."

"जिवंत?"

"चांगलं चपळ होतं. सुळकन आत गेलं."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ताईचा हात हातात घेतला, दाबला. आपण असतो तर आपल्याला हे जमलं नसतं, असं काहीसं त्या म्हणाल्या. ताई म्हणाली, कठीण काही नाही, शेपटी धरून डोकं आधी जाऊ द्यायचं.

उजाडलं. साहेब पेपर घेऊन बाहेर आले, बाकावर टेकले आणि वाचता वाचता डावा बूट चढवू लागले. आत डॉक्टरीणबाईंनी पावसाचा आकडा लिहायला नोंदवही उघडली. कालचं पान वर आलं. ताईचं अक्षर गोल, सुवाच्य होतं.

'प्राणी: फुरसं. नंबर: एक्केचाळीस. प्रकृती: उत्तम. सोडण्याची वेळ: उद्या पहाटे साडेपाच. सोडण्याची जागा: साहेबांचा उजवा बूट. शेरा: बूट कुठेही फाटलेला नाही.'

खाली साहेबांची सही होती.