सैल गाठी

“ही गाठ पण सुटली!” लेकीने सुटलेला धागा बापापुढे धरला. “बाबा, टाकून द्या हो हा धाग्याचा गुंडा. सकाळपासून दहा वेळा कांडी थांबली.”

विणकराने धागा तिच्या हातून घेतला. दोन्ही टोकं घेऊन त्याने नवी गाठ मारली आणि पुन्हा कांडीवर धागा भरायला लागला. बायको जाऊन दीड महिना झाला होता. तेव्हापासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वाढलं की जेवायचा, हाक मारली की ओ द्यायचा. शेजारीपाजारी म्हणत, काळजाचा दगड केलाय हो. केला कुठला! आत काही हलतच नव्हतं.

केळीच्या खोडाचा तंतू जेमतेम दोन हात लांब. तो मंजिष्ठेच्या काढ्यात रंगवून टोकाला टोक बांधायचं काम तिचं, विणायचं याचं. चाळीस वर्षं असंच चाललं; हा गुंडा तिचा शेवटचा. शेवटी शेवटी तिच्या गाठी सुटायला लागल्या, तेव्हा हा खेकसला होता, “गाठी मारतेस की गंमत करतेस?”

“खोडच कोवळं होतं हो यंदा, तंतू निसटतात,” ती म्हणाली होती, आणि या शहाण्याने मान डोलावली होती. तिच्या बोटांतलं बळच चाललंय, हे डॉक्टरांनी सांगितलं तोवर फार उशीर झाला होता. मेव्हण्याने चारचौघांत विचारलं, “एका घरात राहून तुम्हाला कळलं नाही?” काय सांगणार, कपाळ!

दुपार कलली तशा गाठी कमी सुटायला लागल्या. मग सुटेचनात. बारीक, घट्ट, बोटाला जेमतेम लागणाऱ्या. त्याचा हात थांबला. सगळा गुंडा एकाच वेळी तोडलेल्या खोडांचा होता. म्हणजे खोड कोवळं नव्हतंच.

“चला, सुटलो एकदाचे,” लेक म्हणाली. “आता बघा कशा पक्क्या गाठी येताहेत.”

“गुंडा बाहेरून उलगडतो ना. तिची शेवटची गाठ आपल्याला आधी लागली.” त्याचा आवाज चिरकला. कांडी हातातून निसटली आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. लेकीने घाबरून त्याचा खांदा धरला.

“अगं, हात लावून बघ,” धागा तिच्यापुढे करत तो म्हणाला, “बरी होत चाललीये तुझी आई.”