डावीकडे जाणारा चेंडू

मास्तरीणबाईंच्या घोट्याचं प्लास्टर निघून महिना झाला, तरी त्या खुर्चीतून हलेनात. "रोज शंभर वेळा पाऊल पुढेमागे करा, नाहीतर पाय कायमचा आखडेल," असं व्यायाम शिकवणाऱ्या बाई बजावून गेल्या, की या शांतपणे डोळे मिटून घ्यायच्या.

त्याच सुमारास त्यांच्या नवऱ्याने, निवृत्त पोस्टमास्तरांनी, गोल्फ मनावर घेतला. रोज संध्याकाळी ते बैठकीच्या खोलीत स्टीलचा ग्लास आडवा ठेवायचे, काठी धरून वाकायचे, नेम धरायचे. चेंडू मात्र वाट चुकलेल्या कोकरासारखा डावीकडे जायचा आणि नेमका बायकोच्या दुखऱ्या पावलाशी येऊन थांबायचा.

"अहो, ग्लास तिकडे आहे, मी इकडे!" त्या त्याच पायाने चेंडू परत ढकलायच्या. "जन्मभर लोकांची पत्रं तरी बरोबर घरी पोचवलीत ना?"

"चुकतंय खरं," मास्तर खाली मान घालून म्हणायचे. "अजून एकदा बघतो."

दोन महिने हेच चाललं. शेवटी एका संध्याकाळी बाईंना राहवेना. त्या उठल्या, भिंतीला हात लावत सहा पावलं चालल्या, आणि चेंडू मास्तरांपुढे ठेवून म्हणाल्या, "आता माझ्यादेखत सरळ मारून दाखवा बघू!"

 

मास्तरांनी मारला. चेंडू सरळ ग्लासात गेला, आणि त्यानंतरच्या एकोणीस फटक्यांतही.