भांडी घासणारे पाहुणे

लग्नाच्या पाहुण्यांची यादी छाटण्यात भावाचा फायदा सरळ होता: बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या कंपनीत नोकरी. त्यासाठी लग्नात वजनदार माणसंच दिसायला हवी होती. म्हणून त्याने बाबांच्या पाचही दोस्तांवर फुली मारली. “ज्या हॉलची भांडी घासतात, त्याच हॉलमध्ये पाहुणे म्हणून मिरवणार? सासरचे हसतील!” “आणि मी तिथे तीस वर्षं काय साहेबी करतोय?” बाबा कडाडले. “तुमची गोष्ट वेगळी.” “वेगळी कशी? साबण एकच!” पेन हिसकावून त्यांनी स्वतःच्या नावावरही फुली मारली. “बाबा, लग्न माझं आहे!” बहीण ओरडली. दोघांपैकी एकानेही ऐकलं नाही. लग्नाच्या दिवशी मागच्या दाराने येऊन बाबांनी एप्रन बांधला. ती बोलवायला आली, तर पाठ वळवून कढई घासत राहिले. भावाला नोकरी लागली, बाबांचा ताठा टिकला. बाबा नसलेले फोटो मात्र तिच्या वाट्याला आले.