पोलादपंखाचं आख्यान

या मंडळी, जवळ सरका. एका भित्र्या वीराची गोष्ट सांगतो.

घशाच्या ऑपरेशननंतर माधवबुवांनी वर्षभर कीर्तन केलं नव्हतं. भरसभेत आवाज फुटला तर, ही धास्ती. पेटीवर साथ करणाऱ्या सुनेने, ऋजुताने, एकदा आपल्या लाडक्या ‘पोलादपंख’ कॉमिक्सच्या बारा अंकांचा गठ्ठाच त्यांच्यापुढे ठेवला.

“हा पोलादपंख उडतो? आमचा हनुमंतही उडाला होता,” बुवा म्हणाले.

“पण बाबा, याचे पाय बघा. दर अंकात उडीआधी लटपटतात. तरी मारतोच उडी. मला रडू येतं ते तिथे.”

बुवांनी चष्मा पुसून बाराही अंक वाचले.

चैत्रात मारुतीच्या देवळात बुवा उभे राहिले आणि उत्तररंगात त्यांनी पोलादपंखाचं आख्यान लावलं. पुढे बसलेले नाना कुरकुरले, “बुवा, हे कुठल्या पुराणातलं?”

“सुनेच्या कपाटातलं.”

सभा हसली. मग पद आलं, आणि वरच्या सुरावर आवाज फुटलाच. बुवा थांबले नाहीत. त्याच फाटक्या आवाजात त्यांनी चरण पुरा केला. तेव्हा ध्रुवपद उचललं ते नानांनी, मागोमाग साऱ्या देवळाने.

मंडळी, कधी तुमची छाती धडधडली, तर आमच्या बुवांना आठवा.